मापनाच्या कसोटीवर योग : स्वामी कुवलयानंद

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर जन्माला येऊन मराठी नावाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या माणसांची परंपरा जुनी आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, तंजावर या गावांची नावे घेतली की ती परंपरा डोळ्यांसमोर उभी राहते. आपण दिल्लीकर मराठी मंडळी सरकारी नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो. आपले पूर्वसूरी संस्थानांच्या आश्रयाने तिकडे गेले होते. परप्रांतात राहून आपले ते जपावे आणि जपताना ते तपासूनही घ्यावे, ही दुहेरी जबाबदारी दोघांच्याही वाट्याला आली. ती ज्यांनी असामान्य निष्ठेने पार पाडली, अशा एका पुरुषाचे स्मरण मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करावे, असे मनात आले. ते पुरुष म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

आज आर. के. पुरमच्या कोणत्याही सेक्टरातील बागेत पहाटे फेरी मारावी, तर सतरंजीवर बसून कपालभाती करणारे निवृत्त अधिकारी, सर्वांगासनाचा प्रयत्न करणाऱ्या गृहिणी आणि श्वास मोजणारे तरुण हमखास दिसतात. प्राणायामाने रक्तदाब उतरतो की नाही, शीर्षासन कोणी करू नये, याची चर्चा तेथे हिरिरीने चाललेली असते. असे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे ग्रंथप्रामाण्याने न देता उपकरणांनी द्यावीत, हा मार्ग या देशात ज्यांनी अगदी आरंभी घालून दिला, त्यांत स्वामीजींचे स्थान फार वरचे आहे. तरीही त्या सतरंज्यांवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असते.

बडोद्यातील घडण

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते. घरची गरिबी अशी की, शिक्षणासाठी लोकांच्या साहाय्यावर अवलंबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशाही स्थितीत १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे संस्कृताच्या विद्यार्थ्याचा मुकुटमणीच मानला जाई. तिच्या बळावर ते बडोदे कॉलेजात दाखल झाले आणि १९१० साली पदवीधर झाले.

सयाजीराव महाराजांचे बडोदे त्या काळी विद्या, कला आणि राष्ट्रीय जागृती या तिन्हींचे केंद्र होते. अरविंद घोष १९०६पर्यंत बडोदे कॉलेजात अध्यापन करीत होते. लोकमान्य टिळकांचे विचार महाराष्ट्राप्रमाणेच बडोद्याच्या मराठी घरांतूनही पोहोचले होते. या दोघांचाही तरुण जगन्नाथवर खोल ठसा उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्याला वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला.

याच काळात त्यांना पहिले गुरू लाभले, ते राजरत्न प्रोफेसर माणिकराव. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे हे चालक देशी व्यायामपद्धतीचे श्रेष्ठ आचार्य होते. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे जगन्नाथ गुणे यांनी त्यांच्या हाताखाली शरीरशिक्षणाचे पाठ घेतले. आखाड्यातील शिस्तीचा एक गुण असा की, तेथे बोलण्याला किंमत नसते. किती जोर काढले, किती वजन उचलले, हे सर्वांसमक्ष मोजले जाते. पुढे स्वामीजींनी योगविद्येकडे जी दृष्टी वळविली, तिचे एक मूळ या आखाड्याच्या मातीत असावे, असे म्हणण्यास हरकत नाही.

अमळनेर आणि मालसर

पदवीनंतर त्यांनी पैसा देणारी नोकरी धरली नाही. ते खानदेशात अमळनेर येथे गेले आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात सामील झाले. १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. अमळनेर हे तापीच्या खोऱ्यातले लहानसे गाव. परंतु प्रतापशेठ यांच्यासारख्या दानशूर गिरणीमालकामुळे त्या गावात त्याच सुमारास तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्थाही उभी राहिली होती. राष्ट्रीय शिक्षणाचा हा प्रयोग सरकारच्या डोळ्यांत सलू लागला आणि १९२०मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. १९२३पर्यंत गुणे मास्तर विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे शिक्षण देत राहिले.

महाविद्यालय बंद पडण्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ साली, त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण लागले. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध बंगाली योगी राहात असत. त्यांच्याजवळ गुणे यांनी योगसाधनेची दीक्षा घेतली. गुरूंचा सहवास फार काळ लाभला नाही. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. परंतु तेवढ्या अवधीत जे मिळाले, त्याने शिष्याचे समाधान झाले आणि कुतूहलही जागे झाले. साधनेत शरीरामध्ये काहीतरी घडते, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. नेमके काय घडते, हा प्रश्न मात्र ग्रंथांनी सुटत नव्हता. प्राण, अपान, नाडी, चक्र हे शब्द पोथ्यांत होते. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्यांपैकी एकही नव्हता. दोन्हींवर श्रद्धा असलेल्या माणसाने यातून मार्ग कसा काढावा?

त्यांनी काढलेला मार्ग साधा होता. १९२०-२१मध्ये काही विद्यार्थ्यांना घेऊन ते बडोद्याच्या रुग्णालयात गेले आणि तेथील प्रयोगशाळेच्या साहाय्याने उड्डियान बंध व नौली या क्रियांची तपासणी केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने पोटातील अवयवांची स्थिती पाहिली. योगी करतो ती क्रिया आणि डॉक्टर पाहतो ते शरीर यांची गाठ या प्रयोगांत पडली. शिष्याला पुढचा रस्ता दिसला.

१९२४ : एक विलक्षण वर्ष

ऑक्टोबर १९२४मध्ये बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधामाची स्थापना केली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. संस्थेच्या एका अंगात आश्रम, तर दुसऱ्या अंगात प्रयोगशाळा, अशी ही अभिनव मांडणी होती. योगाविषयी नियतकालिकात केवळ प्रवचने न छापता प्रयोगांची कोष्टके, आलेख आणि क्ष-किरणचित्रे छापावीत, ही कल्पनाही त्या काळी नवीच होती.

योगायोग असा की, मानवी देहातील वीज मोजण्याच्या शास्त्राच्या इतिहासातही १९२४ हे वर्ष संस्मरणीय आहे. हॉलंडमधील लायडन येथील विल्यम आइन्थोव्हेन यांना त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, ते हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांची नोंद करण्याची रीत शोधल्याबद्दल. ज्याला आपण आज बोलीभाषेत ‘कार्डिओग्राम’ म्हणतो, तो हाच. त्यांच्या आरंभीच्या यंत्रासाठी माणसाला दोन्ही हात आणि एक पाय खारट पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेपर्यंत पोहोचणारी वीज जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट असते. ती पकडण्यासाठी त्यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा लेप दिलेला, केसाहूनही बारीक स्फटिकतंतू ताणला होता. त्याच १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद केली. त्या लहरी हृदयाच्या विजेपेक्षाही कितीतरी क्षीण, व्होल्टच्या लक्षांशाच्या घरातल्या. बेर्गर इतके सावध की, पाच वर्षे पुन्हा पुन्हा खात्री करून १९२९मध्ये त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला.

लायडन, येना आणि लोणावळे यांचा त्या वर्षी एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. परंतु पुढे तेहतीस वर्षांनी या तीन वाटा एकत्र मिळावयाच्या होत्या.

प्रयोग आणि प्रांजळपणा

आरंभीच्या काळात कैवल्यधामातील उपकरणे साधी होती. वायुदाबमापक, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, श्वासातील वायूंचे पृथक्करण करण्याची साधने आणि क्ष-किरण, एवढ्यांवरच काम चाले. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे दाबमापकाने सिद्ध झाले. बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप वर कसे ओढले जाते, या कोड्याचा उलगडा त्यामुळे झाला. त्यात गूढ शक्तीचा संबंध नव्हता. या निर्वात स्थितीला स्वामीजींनी आपल्या गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास निर्वात’. गुरूला दक्षिणा म्हणून शास्त्रीय शोधाला त्याचे नाव देणारा हा शिष्य वेगळाच म्हणावा लागेल.

पुढे १९२६च्या सुमारास सर्वांगासन, मत्स्यासन इत्यादी आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर प्राणायामाची पाळी आली. प्राणायामात पुष्कळ प्राणवायू शरीरात जातो आणि म्हणूनच तो हितकर, असे तेव्हाही मानले जाई व आजही बागेतील शिक्षक तसे सांगतात. स्वामीजींनी श्वासातील वायू मोजविले आणि ही समजूत टिकत नाही, असे स्वतःच लिहून टाकले. प्राणायामाचे महत्त्व त्यांना तसूभरही कमी वाटत नव्हते. परंतु त्याचे कारण प्राणवायूच्या वाढत्या पुरवठ्यात शोधणे त्यांना मान्य नव्हते. उदरातील व छातीतील दाबांचे बदल आणि मज्जासंस्थेवरील परिणाम यांत ते शोधावे, असा त्यांचा कल होता.

या एका गोष्टीवरून त्यांची पारख करता येते. ज्याला योगाची केवळ जाहिरात करावयाची होती, त्याने हा निष्कर्ष पेटीत बंद करून ठेवला असता. सोयीचे तेवढे विज्ञान घ्यावे आणि गैरसोयीचे टाकावे, हा मोह सर्वच संस्कृतिभक्तांना होतो. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो अधिकच होतो; कारण परक्या मुलखात आपल्या परंपरेचा अभिमान हीच आपली शिदोरी असते. स्वामीजींचा अभिमान मात्र तपासणीला भिणारा नव्हता.

लोकांतील कार्य

कैवल्यधामाची कीर्ती लवकरच दूरवर पसरली. मार्च १९२७मध्ये दौऱ्यावर असताना रक्तदाब वाढून गांधीजी आजारी पडले, तेव्हा विश्रांतीच्या काळात त्यांनी योगोपचारांविषयी स्वामीजींशी पत्रव्यवहार केला. मुंबईत १९३२ साली योगोपचारासाठी आरोग्यकेंद्र निघाले आणि १९३६पासून ते ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर उभे आहे. संयुक्त प्रांताच्या सरकारने शाळांतून योगव्यायामाचा पुरस्कार केला, तेव्हा शिक्षक तयार करण्याचे काम स्वामीजींकडे आले. आसने आणि प्राणायाम यांवरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकांनी १९३०नंतर परदेशी वाचकांपर्यंत मजल मारली. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे कोवूर बेहानन हे भारतीय तरुण लोणावळ्यास येऊन राहिले, योग शिकले आणि परत जाऊन येलमध्ये त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यानंतर १९५१च्या सुमारास लोणावळे येथे गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाने योग आणि सांस्कृतिक समन्वयाचे महाविद्यालय सुरू झाले. हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांचे पाठभेद तपासून संपादन करण्याचे कामही संस्थेत चाले. शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी त्या कामात रमत असे, यात नवल नाही. पोथी आणि प्रयोगशाळा यांपैकी एकीचीही उपेक्षा त्यांना मान्य नव्हती.

देहातील वीज आणि तळहाताचा घाम

१९५७ साली घडलेल्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी देहाच्या विद्युत्-गुणधर्मांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा विज्ञानाच्या जाणकारांनी सोपेपणाबद्दल रागावू नये.

दिल्लीच्या उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या पत्र्याला हात लागून झटका बसल्याचा अनुभव अनेक घरांना असेल. कोरड्या हाताने जो प्रवाह जाणवतही नाही, तोच ओल्या हाताने जोरात बसतो. कारण कोरडी त्वचा विजेला मोठा अडथळा करते. हा अडथळा हजारो, प्रसंगी लाखो ओहम इतका असतो. त्वचेच्या आत मात्र रक्त आणि इतर द्रव क्षारयुक्त असल्याने वीज सहज वाहते. तेथील अवरोध काही शे ओहमच भरतो. म्हणजे शरीराचा विद्युत्-अवरोध हा मुख्यतः त्वचेचा, आणि त्वचेचा अवरोध हा पुष्कळसा घामाच्या ग्रंथींवर अवलंबून असतो.

तळहात आणि तळपाय येथील घामाच्या ग्रंथी उष्णतेपेक्षा मनाच्या स्थितीला अधिक जाब देतात. परीक्षेच्या दालनात किंवा मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या उमेदवाराचे तळहात ओले होतात, हे कोणासही सांगावयास नको. मनात खळबळ माजली की स्वायत्त मज्जासंस्था या ग्रंथींना चेतविते, घाम सुटतो आणि तळहाताचा विद्युत्-अवरोध उतरतो. मन निवांत झाले की तो चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८८ ते १८९०च्या दरम्यान, फ्रान्समध्ये फेरे यांनी आणि रशियात तारखानोव्ह यांनी हे बदल टिपले. तेव्हापासून तळहातावर दोन छोट्या धातूच्या चकत्या लावून, जाणवणारही नाही इतका सूक्ष्म प्रवाह सोडून, माणसाच्या अंतरीच्या हालचालीचा मागोवा घेता येऊ लागला. आपल्या इच्छेबाहेर चालणारे हृदय, श्वास आणि घाम यांवर योगी ताबा मिळवितो, असा जर दावा असेल, तर तो तपासण्यासाठी याहून चांगली कसोटी कोणती?

यंत्र लोणावळ्यास येते

योग्यांचे हृदय यंत्राने तपासण्याचा प्रयत्न १९३५ साली झाला होता. तेरेज ब्रॉस या फ्रेंच हृदयविशारद महिला कार्डिओग्रामचे फिरते यंत्र घेऊन भारतात आल्या होत्या. एका योग्याच्या नोंदीत हृदयाच्या विद्युत्-लहरी जवळजवळ नाहीशा झाल्याचे त्यांना दिसले आणि योगी हृदय थांबवू शकतो, ही वार्ता जगभर झाली. ती ऐकून कोणा भारतीयाचा ऊर भरून आला नसेल?

१९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मॅरियन वेंगर आणि मिशिगन विद्यापीठातील मूळचे बंगाली शास्त्रज्ञ बी. के. बागची हे दोघे मेंदू, हृदय, श्वास आणि त्वचा यांच्या नोंदी एकाच वेळी घेणारे यंत्र घेऊन भारतात आले. दिल्लीत आदल्याच वर्षी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली होती. आर. के. पुरमहून रिंगरोडने जिच्याकडे आपण आजारी आप्तांना घेऊन धावतो, तीच ही संस्था. तेथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बी. के. आनंद या कार्यात सहभागी झाले. पाहुण्यांनी दिल्ली, मद्रास आणि लोणावळे येथे साधकांच्या तपासण्या केल्या. कैवल्यधामाचे दार त्यांना मोकळे होते. स्वामीजींचे वय तेव्हा त्र्याहत्तरच्या पुढे गेले होते.

या आमंत्रणात धोका होता, हे लक्षात घेतले पाहिजे. तेहतीस वर्षे ज्या विद्येची प्रतिष्ठा जपली, ती परदेशी यंत्रापुढे उभी करावयाची होती. निकाल प्रतिकूल लागला असता, तर हसणारे पुष्कळ होते. आणि तपासणीच नाकारली असती, तर नावे ठेवणारे फारसे नव्हते. अनेक मठांनी आणि साधूंनी तो सुरक्षित मार्ग पत्करला असता. स्वामीजींनी तो पत्करला नाही.

निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या चौघांची नोंद घेतली गेली. त्यांपैकी काहींच्या मनगटातील नाडी लागेनाशी झाली आणि छातीवर नळी लावूनही ठोके ऐकू येईनात, हे खरे. परंतु विजेच्या आलेखात हृदयाचे स्पंदन अखंड चालूच होते. श्वास कोंडून, कंठ बंद करून आणि छाती व पोट यांचे स्नायू घट्ट आवळून त्यांनी छातीतील दाब वाढविला होता. त्यामुळे हृदयाकडे परत येणारे रक्त घटले आणि नाडी क्षीण झाली. हृदय काही थांबले नव्हते. ब्रॉस यांनी पूर्वी तपासलेल्यांपैकी एका साधकाचीही पुन्हा तपासणी होऊन जुन्या नोंदीचा अर्थ नव्याने लावावा लागला. जगभर गाजलेल्या दंतकथेचा असा शेवट झाला.

तथापि हातून काहीच लागले नाही, असेही नाही. चौघांपैकी एकाला हृदयाची गती खरोखरच बरीच मंद करता आली. हिमालयात गुहेत राहिलेल्या एका योग्याने इच्छा करताच काही मिनिटांत कपाळावर घाम आणून दाखविला. गुहेतील थंडीत ऊबेची कल्पना करण्याच्या सरावातून त्याला हे साधले होते. घामाच्या ग्रंथी इच्छेच्या अधीन नसतात, असे पुस्तकात लिहिलेले असताना हा माणूस समोर घामेजला होता. ध्यानस्थ साधकांपैकी काहींचा श्वास मिनिटाला ४ ते ६ इतका मंदावला आणि तळहाताचा विद्युत्-अवरोध ७० टक्क्यांहून अधिक चढला. मेंदूच्या लहरी मात्र झोपेच्या नव्हत्या, जागृत निवांतपणाच्या होत्या. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत ध्यानात विश्रांतीऐवजी प्रयत्नाचीच चिन्हे दिसली. म्हणजे ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येकाला शांती लाभतेच असे नाही, हेही यंत्राने सांगितले. आपल्यापैकी ज्यांनी प्रयत्न केला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

त्याच १९६१ साली डॉ. आनंद, डॉ. छिना आणि डॉ. बलदेव सिंग यांनी दिल्लीत योग्यांच्या मेंदू-लहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीत बसलेल्या योग्यांजवळ तीव्र प्रकाश पाडला, मोठा आवाज केला, तरी त्यांच्या मेंदूतील अल्फा लहरी मोडल्या नाहीत. दोघांनी ४ अंश सेल्सियस तापमानाच्या गार पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात ठेवला. लहरी तशाच राहिल्या. दिल्ली आणि लोणावळे येथील ही कामे पुढील काळात जगभर झालेल्या ध्यानविषयक संशोधनाचा पाया ठरली.

उत्तरायुष्य आणि वारसा

वृद्धपणीही स्वामीजींचे काम थांबले नव्हते. १९६०नंतर लोणावळे येथे योगोपचाराचे रुग्णालय सुरू झाले आणि दमा, अपचन यांसारख्या जुनाट विकारांवर उपचार होऊ लागले. हवाबंद खड्ड्यात माणूस किती काळ राहू शकतो, या प्रश्नावर संस्थेतील करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास स्वामीजी नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजी यांनी पुढे वाहिली.

देहाच्या विजेचे मापन तर आता घरोघर पोहोचले आहे. पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेला वजनकाटा शरीरातून सूक्ष्म प्रवाह सोडून, त्याच्या अवरोधावरून चरबीचा अंदाज सांगतो. मनगटावरची घड्याळे हृदयाचा आलेख काढतात. रक्त वाहताना होणाऱ्या अवरोधातील बदलांवरून रक्ताभिसरण तपासणारी उपकरणे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही तयार केली. दिल्लीत अशोक रोडवर मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्था आहे आणि २०१५पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे स्वामीजींच्याच जन्मदिनी, दिल्लीत आयुष पद्धतींच्या आचार्यांवरील बारा टपाल तिकिटे प्रकाशित झाली. त्यांत स्वामी कुवलयानंदांचे तिकीट होते.

योगाचा गाजावाजा आज खूप आहे. कोणत्या आसनाने कोणता रोग बरा होतो, याची यादी दूरचित्रवाणीवर रोज सकाळी ऐकावयास मिळते. अशा वेळी स्वामीजींच्या चरित्रातून घेण्याजोगी गोष्ट कोणती, याचा विचार करावासा वाटतो. ते योगी होते, संस्कृतज्ञ होते, देशभक्त होते. तरीही आपल्या प्रिय विद्येविषयीचा एखादा दावा खोटा ठरत असेल, तर तो खोटा म्हणून नोंदविण्यास ते कचरले नाहीत. हृदय थांबले नाही, यामुळे त्यांची योगावरील निष्ठा ढळली नाही. प्राणायामात प्राणवायू वाढत नाही, हे कळल्यावर त्यांनी प्राणायाम सोडला नाही. उलट जे उरले ते अधिक भक्कम होते.

आपली मुले दिल्लीतच जन्मली आणि वाढली. त्यांतील कित्येक अभियंते, डॉक्टर, संशोधक झाली. काही परदेशी गेली. आपण त्यांना गणपतीच्या आरत्या शिकविल्या, संक्रांतीला तिळगूळ दिला, मंडळाच्या रंगमंचावर उभे केले. ती आता प्रश्न विचारतात. हे का करावयाचे, याने खरोखर काय होते, हे कोणी तपासले आहे काय? अशा प्रश्नांनी आपण कधीकधी दुखावतो आणि परंपरेचा अनादर झाला, असे समजतो. डभोईच्या गरीब शिक्षकाच्या मुलाने हेच प्रश्न स्वतःच्या गुरूने दिलेल्या विद्येला विचारले आणि त्या विद्येचा मान वाढविला. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या घरांतून असे प्रश्न विचारले जावेत आणि वडीलधाऱ्यांनी ते प्रेमाने ऐकून घ्यावेत, एवढीच या प्रसंगी इच्छा व्यक्त करून, परप्रांतात जन्मलेल्या या थोर मराठी पुरुषाच्या स्मृतीस अभिवादन करतो.